पालकावर पालक कोण?

माझ्या पीएच.डी.चा विषय तसा रूक्ष आहे: माणसाची निर्णयक्षमता मोजायची कशी? पण हे मोजमाप शेवटी पोचतं कोर्टात. तिथे एका सज्ञान माणसासाठी 'पालक' नेमला जातो, म्हणून आज थोडा इतिहास.

कोल्हापूरचे राजाराम महाराज 1870 मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारले. 1871 मध्ये जेमतेम आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला गेला, तेच चौथे शिवाजी महाराज. राजा अज्ञान, म्हणून कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली. पुढे राजा मोठा होऊ लागला, तर त्यांना वेड लागल्याचं ठरलं. म्हणजे पालकत्व संपायच्या वेळेला त्याला नवं कारण मिळालं!

'केसरी' आणि 'मराठा'ने महाराजांच्या छळाचा आरोप कारभारी माधवराव बर्व्यांवर केला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. आधाराला घेतलेली पत्रं बनावट निघाली आणि 1882 मध्ये टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. पुढे महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. 25 डिसेंबर 1883 रोजी देखरेखीवरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि त्यात ते गेले. वय वीस.

आपण अजूनही वाद घालतो तो एकाच प्रश्नावर: महाराज खरंच वेडे होते का? मला वाटतं, इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत. समजा, ते आजारी होते. तरी त्यांची काळजी नीट घेतली जाते की नाही, हे बाहेरच्या कुणी, कुठे जाऊन विचारायचं? तशी जागाच नव्हती. जिथे हिशेब उघड नसतो, तिथे बनावट पत्रांवरही विश्वास बसतो.

आणखी एक गोष्ट. 1882 पासून रीजंट होते कागलचे आबासाहेब घाटगे, आणि 1884 मध्ये गादीवर दत्तक आले त्यांचेच चिरंजीव, शाहू महाराज. यात कुणावर आरोप नाही. शाहू महाराजांनी पुढे काय केलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण माणसं चांगली निघाली म्हणून व्यवस्था चांगली होती असं होत नाही. 1912 च्या कायद्याने हा धोका ओळखला: मनोरुग्णाचा वारस सहसा त्याच्या देहाचा पालक नेमू नये, नेमायचाच तर कारणं लेखी द्यावीत. ज्याला मृत्यूने फायदा, त्याच्याच हाती जीव नको, इतकं साधं.

1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती आणली. पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, दरवर्षी हिशेब द्यायचा. छळ किंवा अफरातफर झाली तर नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याला हटवायला अर्ज करू शकते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'मर्यादित पालकत्व' आलं: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीचं, त्या माणसाशी सल्लामसलत करून.

म्हणून तुमच्या घरात कधी पालकत्वाचा अर्ज करायची वेळ आली, तर आदेशात तीन गोष्टी शोधा: मुदत किती, हिशेब कुणाला, तक्रार कुठे. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय, त्याला काय वाटतं हे आधी त्याला विचारा.