लस, लागण आणि कोरडा दिवस

जखमेच्या खपलीखालून जो पाणचट, चिकट द्रव झिरपतो त्याला मराठीत लस म्हणतात. ‘फोड फुटला आणि लस वाहायला लागली’ हे घराघरांतलं वाक्य. चरकसंहितेत त्वचेआड असलेल्या आणि व्रणात दिसणाऱ्या पाण्याला ‘लसीका’ म्हटलं आहे; आपली लस त्याच घराण्यातली. मग रोगाला अटकाव करणाऱ्या औषधाला हेच नाव कसं मिळालं?

त्याचं उत्तर लशीच्या प्रवासात आहे. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये इंग्लंडात एका गवळणीच्या हातावर आलेल्या गाईच्या देवीच्या फोडातला द्रव घेतला आणि तो आठ वर्षांच्या मुलाच्या दंडाला टोचला. ही युक्ती मुंबईला पोचली १८०२ मध्ये, बगदाद आणि बसऱ्यामार्गे जहाजाने. तेव्हा बर्फाची पेटी नव्हती. एकाला टोचायचं, आठवडाभराने त्याच्या दंडावर फोड भरला की त्यातला द्रव दुसऱ्याला टोचायचा, अशी माणसांची साखळी धरून ती आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचलेली लस लागू पडली. भारतातली ही पहिली यशस्वी टोचणी. पुढच्या मुलांना लस मिळाली ती तिच्याच दंडावरच्या फोडातून. बाटली नाही, औषध नाही. टोचत होते ती अक्षरशः लसच होती.

शेजारी गुजरातीतही असंच झालं. तिथे ‘रसी’ म्हणजे पू आणि ‘रसी’ म्हणजे लसही. हिंदीने दंडावर उठणाऱ्या खुणेकडे पाहिलं आणि ‘टीका’ म्हटलं. इंग्रजी ‘व्हॅक्सीन’मध्ये लॅटिन ‘व्हाका’, म्हणजे गाय, बसलेली आहे. हा शब्द फक्त देवीपुरता न ठेवता अशा सर्वच उपायांना लावावा, असं लुई पाश्चर यांनी १८८१ मध्ये जेन्नर यांच्या सन्मानार्थ सुचवलं. मराठीत लस तशीच पसरली. तोंडात घालायचे पोलिओचे दोन थेंबही आज लसच आहेत, आणि फोडातल्या द्रवाशी त्यांचा काही संबंध उरलेला नाही.

देवीच्या रोगाचं नाव मात्र वेगळ्या वाटेने आलं. ग्रंथांत तो ‘मसूरिका’ होता, कारण पुळ्या मसुराच्या डाळीएवढ्या. लोकांच्या तोंडी होत्या ‘देवी’. देवी ‘होत’ नसत, त्या ‘येत’. अंथरुणाशी कडुनिंबाचा पाला ठेवून त्यांचा मान राखला जाई. प्रतिबंधाची टोचणी आली तेव्हा तिलाही लोकांनी ‘देवी काढणे’ म्हटलं आणि टोचायला गावात येणारा माणूस झाला ‘देवी डॉक्टर’.

देवी निर्मूलनाच्या मोहिमेने या शब्दाशी भांडण मांडलं नाही. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला. त्यानंतरही कुठे एखादा लपून राहू नये म्हणून कळवणाऱ्याला हजार रुपयांचं बक्षीस लावलं होतं आणि महाराष्ट्रात गावोगावच्या भिंतींवर ‘देवीचा रोगी कळवा’ असं मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं. ‘मसूरिका’ किंवा ‘स्मॉलपॉक्स’ लिहिलं असतं तर किती जणांना कळलं असतं? ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

रोग कसा पसरतो हे सांगणारे साधे शब्दही मराठीत आहेत. ‘लागण’ ऐकताच एकाचं दुसऱ्याला लागतं हे समजतं. ‘साथ’ म्हणजे सोबत. माणसाच्या सोबतीने जी पसरते तीही साथच. तरीही सूचनाफलकावर आपण लिहितो ‘प्रादुर्भाव’. त्याचा मूळ अर्थ प्रकट होणे एवढाच. काय लागतं, कुणाकडून लागतं, काय टाळायचं, यातलं काहीच त्यातून कळत नाही. ‘डासोत्पत्ती स्थाने नष्ट करा’ वाचून दारामागच्या पिंपाकडे कुणाचं लक्ष जाईल?

असे फलक लावणाऱ्या आरोग्य खात्यांनीच एक फार चांगला शब्दप्रयोगही दिला आहे: ‘कोरडा दिवस पाळा’, म्हणजे आठवड्यातून एक दिवस पाणी साठवायची भांडी रिकामी करून कोरडी करा. वार पाळणाऱ्या समाजाला ‘पाळा’ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही: दर आठवड्याला, न चुकता, घरातल्या सगळ्यांनी. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस घेतो, म्हणून आठवड्याची मुदत नेमकी आहे. पण या डासाची मादी अंडी घालते ती पिंपाच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर. ती तिथे चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणजे पिंप नुसतं ओतून भागत नाही, आतून खसखसून घासावं लागतं. म्हणून ‘कोरडा’च्या जोडीला ‘घासा’ हा शब्द हवाच. एका क्रियापदाची कसूर झाली तर सगळा कोरडा दिवस वाया जातो.

आरोग्याची माहिती लिहिणाऱ्या सर्वांना, डॉक्टरांना, पत्रकारांना, पालिकेच्या अधिकाऱ्यांना, एवढीच विनंती: मजकूर छापायला देण्याआधी तो तुमच्या भागातल्या आशाताईंना मोठ्याने वाचून दाखवा. दारोदार जाऊन तो त्यांनाच सांगायचा आहे. ज्या शब्दावर त्या अडतील तो काढा, आणि त्या जागी त्या स्वतः जो शब्द वापरतात तो घाला.