विल्यम कॅरी, श्रीरामपूर आणि मिरजेची गीता

विल्यम कॅरी यांचा जन्म 17 ऑगस्ट 1761 रोजी इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात, पॉलर्सपरी या खेड्यात झाला. जोडे शिवण्याचा धंदा करता करता त्यांनी लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू आत्मसात केल्या. 1783 मध्ये नेन नदीत बाप्तिस्मा घेऊन ते बाप्टिस्ट पंथात आले. तान्ह्या मुलाला नव्हे, तर समज आल्यावर स्वतःहून श्रद्धा पत्करणाऱ्यालाच बाप्तिस्मा द्यावा, हे बाप्टिस्टांचे मुख्य मत. मोल्टन गावी ते उपदेशक झाले, पण मंडळी गरीब असल्याने शाळा चालवून आणि जोडे शिवून पोट भरावे लागे. भूगोल शिकवायला त्यांनी चामड्याचे तुकडे शिवून पृथ्वीचा गोल केला होता, असे सांगतात.

1793 मध्ये ते मिशनरी म्हणून कलकत्त्यास उतरले. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, त्यामुळे काही वर्षे निळीच्या कारखान्यावर काढावी लागली. जानेवारी 1800 मध्ये ते कलकत्त्याजवळच्या, डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपूरला आले. तेथे त्यांचे सहकारी मार्शमन यांनी शाळा आणि वॉर्ड यांनी छापखाना सांभाळला. पुढच्याच वर्षी कॅरी कंपनीच्या अंमलदारांसाठीच्या फोर्ट विल्यम कॉलेजात दरमहा 500 रुपयांवर शिक्षक झाले. पगाराचा मोठा भाग मिशनकडेच जाई.

त्यांचा मराठीशी संबंध आला तो या नोकरीमुळे. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या त्या वर्षांत कंपनीच्या तरुण अंमलदारांना मराठी शिकवायची होती आणि शिकवायला पुस्तक नव्हते. पंडित वैजनाथ यांच्या मदतीने कॅरी यांनी 1805 मध्ये मराठी व्याकरण आणि 1810 मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापला. पुढे ‘सिंहासन बत्तीशी’, ‘हितोपदेश’ आणि नागपूरकर भोसल्यांची वंशावळ अशी गद्य पुस्तकेही श्रीरामपुराहून निघाली. बायबलचे भाषांतर झाले ते वेगळेच. पण मराठीपुरते पाहिले, तर उपदेशक कॅरींपेक्षा मास्तर कॅरींचे काम मोठे आहे, आणि त्यात वैजनाथांचा वाटा बरोबरीचा मानायला हवा.

त्याच 1805 साली मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली. तांब्याच्या पत्र्यावरून छापण्याची ही कला पुण्यात इंग्रज वकील मॅलेट याच्या वेळी एका तांबट कारागिराने शिकून घेतली होती. नाना फडणविसांचा आश्रय सुटल्यावर ती मिरजेला आली. तांब्याच्या पत्र्यावर प्रत्येक अक्षर उलटे कोरायचे, तेव्हा कागदावर ते सुलटे उमटे. पान बदलले की पत्रा नवा आणि मेहनतही नवी. श्रीरामपुरात मात्र खिळे घडवणारे कारागीर पंचानन कर्मकार यांच्या हाताखाली सुटे खिळे तयार झाले होते. एक पान छापून झाले की तेच खिळे मोडून दुसरे पान जुळवता येई. मिरजेच्या कारागिराचे हात कमी कुशल नव्हते. कमी पडली ती पद्धत आणि मागे उभा राहणारा कारखाना.

श्रीरामपूरच्या पुस्तकांनाही देशावर फारसा वाचक लाभला नाही. त्यांतील पुष्कळशी मोडी खिळ्यांत होती, तर पुढे मुंबईच्या छापखान्यांतून बालबोधच रूढ झाली. 1831 मध्ये मोल्सवर्थचा कोश निघाल्यावर कॅरींचा छोटा कोश मागे पडला. कॅरी 9 जून 1834 रोजी श्रीरामपूर येथेच वारले.

पुस्तकांप्रमाणे कॅरींचा बाप्टिस्ट पंथही मिरजेच्या या सातारा-सांगली भागात आला नाही. 1812 मध्ये कलकत्त्यास आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी जडसन बाप्टिस्ट होऊन ब्रह्मदेशात गेले. हॉल आणि नॉट तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देण्याच्या जुन्याच मताचे राहून 1813 मध्ये मुंबईस पोहोचले. त्यांच्याच अमेरिकन मराठी मिशनने 1849 मध्ये साताऱ्यास ठाणे केले. सांगली-मिरजेकडे पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन आले.