सीमेपलीकडचा आवाज : नभोवाणीची ओळखाक्षरे आणि तिची खरी हद्द

राज्याची सीमा ही नकाशावर ओढलेली रेघ असते. तिच्यावर चौक्या बसतात, जकात घेतली जाते, माणसे अडवली जातात. नभोवाणीच्या लहरींना मात्र ती रेघ दिसत नाही. म्हणूनच नभोवाणीच्या इतिहासात प्रत्येक देशाचे दोन नकाशे आढळतात. एक मालकीचा, म्हणजे केंद्र कोणाचे हे सांगणारा. दुसरा श्रवणाचा, म्हणजे ते केंद्र कोठवर ऐकू जाते हे सांगणारा. हे दोन नकाशे एकमेकांशी क्वचितच जुळतात. त्यांच्या न जुळण्यातून कधी मौज घडली, कधी व्यापार झाला, तर कधी एका मुक्तिसंग्रामाला हत्यार मिळाले. मराठी मुलखाच्या अगदी शेजारी घडलेल्या या इतिहासाची ओळख वाचकांस करून द्यावी, असा आमचा हेतू आहे.

प्रथम मालकीच्या नकाशाविषयी. १९१२ साली लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनंतर बिनतारी केंद्रांसाठी देशवार ओळखाक्षरे वाटून देण्यात आली. ब्रिटिश हिंदुस्थानच्या वाट्याला ‘व्हीटी’ ते ‘व्हीडब्ल्यू’ ही अक्षरे आली. त्यामुळे मुंबईचे केंद्र ‘व्हीयूबी’, कलकत्त्याचे ‘व्हीयूसी’, मद्रासचे ‘व्हीयूएम’ आणि आपल्या दिल्लीचे ‘व्हीयूडी’ झाले. ‘द इंडियन लिसनर’ या पाक्षिकात कार्यक्रमपत्रिकेबरोबर ही अक्षरे छापली जात. मोटारीच्या क्रमांकावरून जसे तिचे गाव कळावे, तसे या अक्षरांवरून केंद्राचे राष्ट्र कळे. ते कळण्याचा अर्थ असा, की त्या आवाजाची जबाबदारी घेणारे कोणीतरी सरकार आहे.

मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. प्रक्षेपक अवघ्या दीड किलोवॅटचा होता. केंद्र चालवणारी खाजगी कंपनी १९३० साली बुडाली आणि हे काम सरकारकडे आले. दिल्ली केंद्र १ जानेवारी १९३६ रोजी अलीपूर रस्त्यावरील एका भाड्याच्या बंगल्यातून सुरू झाले, तेव्हा त्याचा प्रक्षेपक वीस किलोवॅटचा होता. त्याच वर्षी ८ जून रोजी या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले.

आता श्रवणाच्या नकाशाविषयी. मध्यम लहरींवरील केंद्र दिवसा जमिनीलगत जाणाऱ्या लहरींच्या बळावर ऐकू येते, आणि त्याचा पल्ला मर्यादित असतो. सूर्यास्तानंतर वातावरणाच्या वरच्या भागातील लहरी शोषून घेणारा विद्युद्भारित थर विरतो. मग त्याच लहरी त्याहून उंच असलेल्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरतात. लघुलहरींना तर हा प्रवास दिवसाही साधतो. दिल्लीपासून मुंबई सरळ रेषेत सुमारे अकराशे किलोमीटर आहे. हिवाळ्याच्या रात्री सुई हलक्या हाताने फिरवून, खरखरीतून वर येणारे आणि पुन्हा बुडणारे मराठी शब्द पकडणारी जी पिढी या शहरात होती, तिला हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते. ते तिला अनुभवाने ठाऊक होते.

या दोन नकाशांच्या विसंगतीचा सर्वांत गाजलेला फायदा मेक्सिकोच्या सीमेवर घेतला गेला. अमेरिका व कॅनडा यांनी मध्यम लहरींच्या जागा आपसांत वाटून घेतल्या आणि मेक्सिकोसाठी स्वतंत्र जागा ठेवली नाही. साहजिकच अमेरिकेची गैरसोय करणाऱ्या केंद्रांना परवाने देण्यास मेक्सिको सरकारला संकोच वाटला नाही. बोकडाच्या ग्रंथी माणसाच्या शरीरात बसवून पौरुष परत मिळवून देण्याचा दावा करणारे डॉ. जॉन ब्रिंक्ली यांचा कॅन्सस राज्यातील प्रसारणाचा परवाना गेला, तेव्हा त्यांनी १९३१ साली रिओ ग्रांदे नदीपलीकडे व्हिया आकुन्या या गावी केंद्र उभारले. त्याची ओळखाक्षरे ‘एक्सईआर’, पुढे ‘एक्सईआरए’. आरंभीचे ‘एक्स’ मेक्सिकोचे; भाषा मात्र इंग्रजी, आणि श्रोते सारे अमेरिकेचे. अमेरिकेत कमाल मर्यादा पन्नास किलोवॅटची असता हे केंद्र पुढे पाचशे किलोवॅटपर्यंत गेले. अमेरिकेतील कार्यक्रम तारेने सीमेपलीकडे नेऊन प्रसारित करण्यावर कायद्याने बंधन येताच कार्यक्रमांच्या तबकड्या पाठवण्यात येऊ लागल्या. अखेर उत्तर अमेरिकेतील देशांचा लहरीवाटपाचा नवा करार १९४१ साली अमलात आला, आणि त्याच वर्षी हे केंद्र बंद पडले.

असाच प्रकार आपल्या देशाच्या दक्षिणेस घडला, आणि त्यास कारण झाले एक मराठी गृहस्थ. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीत घराघरांत पोहोचावे, ही त्यांची तळमळ खरी होती, आणि त्या दिशेने त्यांनी केलेले काम टिकाऊ ठरले. परंतु चित्रपटगीतांना कात्री लावण्याचे त्यांचे धोरण व निर्मात्यांशी उद्भवलेला वाद यांमुळे ही गीते सरकारी केंद्रांवरून जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी वाद घातला नाही, अर्ज केला नाही. त्यांनी फक्त सुई फिरवली. युद्धकाळात ब्रिटिश सैन्यासाठी सिलोनमध्ये उभारलेली प्रसारणयंत्रणा १९४९ साली तेथील सरकारकडे आली होती. तिच्या शक्तिमान लघुलहरी प्रक्षेपकावरून रेडिओ सिलोनची व्यापारी हिंदी सेवा साऱ्या भारतात स्पष्ट ऐकू येई. डिसेंबर १९५२ मध्ये तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी यांचा आवाज मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती विमानाने कोलंबोला जात, आणि तोच आवाज दर बुधवारी रात्री समुद्र ओलांडून मुंबईस परत येई. टेक्सासच्या तबकड्या आणि मुंबईच्या फिती यांची कथा एकच आहे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली, ती या गेलेल्या श्रोत्यांना घरी परत आणण्यासाठीच.

त्या दिवसांत चित्रपटगीतांसाठी सुई आणखी एका परक्या केंद्रावर थांबत असे. ते म्हणजे पणजीचे ‘एमिसोरा दे गोवा’. आणि येथूनच आमच्या विषयाचा गंभीर भाग सुरू होतो.

गोव्यात पोर्तुगीज सरकारचे हे केंद्र गाणी ऐकवी. बातम्या मात्र राज्यकर्त्यांना हव्या तेवढ्याच. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी होती, सभांवर बंदी होती. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी ती बंदी मोडली. १९५५ च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे यांनी सत्याग्रहींची तुकडी गोव्यात नेली आणि तुरुंगवास पत्करला. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली. माणसे जाईनात, पत्रे व वृत्तपत्रे जाईनात. गोव्यातील माणसाला बाहेरची खबर मिळण्याचा मार्ग उरला तो आकाशातला.

२५ नोव्हेंबर १९५५ रोजी ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ या नावाचे गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. पोर्तुगीज भाषेत त्याचे नाव ‘व्होज दा लिबर्दादे’. तारीख सहजगत्या निवडलेली नव्हती. १५१० साली याच दिवशी आफोंसो द आल्बुकर्कने गोवा जिंकले होते. केंद्र चालवणारे दोघे तरुण होते, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. आरंभी हे केंद्र सावंतवाडीवरच्या आंबोलीच्या जंगलात होते. पुढे ते कॅसलरॉकला हलले. दोन्ही ठिकाणे सह्याद्रीच्या माथ्यावर, आणि पणजीपासून सरळ रेषेत साठ किलोमीटरांच्या आत. नकाशा समोर ठेवला की या निवडीचे मर्म ध्यानात येते. मालकीच्या नकाशात ही ठिकाणे भारतात होती. श्रवणाच्या नकाशात मात्र ती गोव्याच्या अंगणात होती.

या केंद्राला कोणत्याही राष्ट्राची ओळखाक्षरे नव्हती. त्याचा एकच पूर्वज आपल्या देशात सांगता येतो. तो म्हणजे १९४२ च्या आंदोलनात मुंबईतून ४२.३४ मीटरवर बोलणारा, उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘काँग्रेस रेडिओ’. जागा बदलत बदलत तो तीन महिन्यांच्या आत, १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पकडला गेला. गोव्याचा आवाज मात्र सहा वर्षे चालला. कोकणी व पोर्तुगीज भाषांतून बातम्या द्याव्यात, पणजीच्या प्रचाराला उत्तर द्यावे, आणि इतर वसाहती कशा स्वतंत्र होत आहेत हे सांगावे, असा त्याचा क्रम होता. शहरात सुस्थित आयुष्य काढू शकले असते अशा दोन शिक्षित माणसांनी आंबोलीचा पाऊस, जळवा आणि एकांत यांत तारुण्याची वर्षे घातली. आपले बोलणे कोण ऐकत आहे हे त्यांना दिसत नव्हते, आणि ऐकणाऱ्याला तसे कबूल करण्याची सोय नव्हती.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले. त्या दिवशी हवाई दलाने बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. लिस्बनशी असलेला गोव्याचा धागा तुटला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज शरण आले. ती वार्ता लोकांना सांगण्याचा मान वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांना मिळाला. सहा वर्षे सीमेपलीकडून बोलणारे हे दोघे विमानात बसले आणि गोव्याच्या आकाशातून ध्वनिवर्धकावर त्यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली. ‘आकाशवाणी’ हा शब्द त्या दिवशी अक्षरशः खरा झाला. पुढे दोघे विवाहबद्ध झाले. सरदेसाई भारताच्या परराष्ट्रसेवेत गेले व १९९२ साली पद्मश्रीने सन्मानित झाले. लिबियाबाईंना तोच सन्मान वयाच्या शंभराव्या वर्षी, २०२५ साली मिळाला. मधल्या तेहतीस वर्षांबद्दल आम्ही भाष्य करीत नाही. वाचक सुज्ञ आहेत. पणजीचे ते जुने केंद्रही १९६२ साली ऑल इंडिया रेडिओत आले आणि परके सूर आपले झाले.

या तिन्ही कथांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. ओळखाक्षरे सरकार देते. श्रोता मात्र ती पाहून सुई थांबवत नाही. जेथे त्याला हवे ते मिळते, तेथे तो थांबतो. व्हिया आकुन्याने त्याला खोटी औषधे विकली, कोलंबोने गाणी दिली, आंबोलीने खरी बातमी दिली. साधन एकच, भेद साधकाच्या हेतूत आहे.

दिल्लीकर मराठी माणसाला या इतिहासात एक जागा आहे, तिचा उल्लेख करून हा लेख पुरा करतो. अनेक वर्षे आकाशवाणीचे मराठी बातमीपत्र दिल्लीत लिहिले व वाचले जात असे, आणि ऐकले जाई ते नागपूर, सांगली, रत्नागिरीस. घरापासून दूर आलेली मराठी माणसे संसद मार्गावरून घरच्यांना देशाची खबर देत होती. म्हणजे केवळ मुंबईचा क्षीण आवाज रात्री शोधणारे श्रोते, एवढीच आपली भूमिका नव्हती. बोलणारेही आपणच होतो. महाराष्ट्राची सीमा १ मे १९६० रोजी आखली गेली. मराठीची हद्द त्या रेघेने ठरत नाही. ती जेथे कोणी मराठी बोलते व कोणी ऐकते तेथपर्यंत असते. आपल्या मंडळाने पन्नास वर्षे या शहरात तो आवाज क्षीण होऊ दिला नाही. पुढील पिढीने तो नुसता ऐकू नये, स्वतः बोलून पुढे पोहोचवावा, एवढीच सुवर्णमहोत्सवी प्रसंगी आमची प्रार्थना.