गॅसवाला आणि वायरवाला

गाडीचा एसी थंड करेना झाला की पुण्यात काय, मुंबईत काय, कोल्हापुरात काय, पहिलं वाक्य एकच ऐकू येतं: "गॅस संपला असेल." मालक म्हणतो, ड्रायव्हर म्हणतो, पेट्रोल पंपावरचा पोऱ्याही म्हणतो. पुण्यातल्या नाना पेठेच्या आसपास माझं कामाचं सगळं आयुष्य गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेलं. या एका वाक्याने मारलेले कॉम्प्रेसर मी इतके उघडून पाहिलेत, की ते आलं कुठून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सुरुवात अमेरिकेत झाली. १९३९ साली पॅकार्ड कंपनीने गाडीत एसी देऊ केला, २७४ डॉलर जादा घेऊन. कूलिंग कॉइल मागच्या सीटच्या पाठीमागे, डिकीची बरीच जागा खाऊन बसलेली. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर. त्याला क्लच नाही, थर्मोस्टॅट नाही. इंजिन चालू आहे तोवर कॉम्प्रेसर फिरणार. गार वारा फार वाटला तर ब्लोअर कमी करायचा, आणि थंडीच्या दिवसांत बॉनेट उघडून पट्टाच काढून ठेवायचा. विजेचं काम पंखा फिरवण्यापुरतं. अशा यंत्रात पंखा फिरत असून गारवा नसेल तर संशय गॅसवर जाणं अगदी बरोबर होतं.

मग १९५४ साली नॅशने सगळं सामान बॉनेटखाली आणि डॅशबोर्डमागे आणलं, आणि त्याच दशकात चुंबकी क्लच रुळला. माझ्या धंद्याचा जन्म इथला. पुली पट्ट्यावर मोकळी फिरत राहते. क्लचच्या कॉइलला बारा व्होल्ट मिळाले की समोरची लोखंडी चकती ओढली जाते, टक्‌ असा आवाज होतो आणि कॉम्प्रेसर घेतो, म्हणजे फिरू लागतो. ही कॉइल तीन-साडेतीन ओहमची, करंट तीन-चार अँपिअर. पण त्यानंतर सोयीसाठी किंवा रक्षणासाठी जे जे आलं, म्हणजे थर्मोस्टॅट, प्रेशर स्विच, रिले, शेवटी कॉम्प्युटर, ते सगळं या कॉइलच्या वाटेवर येऊन बसलं. वाटेत कुठेही करंट अडला की एसी गरम वारा फेकतो, आणि मालकाला तो गॅस संपल्यासारखाच वाटतो.

आपल्याकडे हे यंत्र दोन वेगळ्या माणसांच्या हाती पडलं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, जी १९७४ पासून पद्मिनी म्हणून ओळखली गेली, आणि अँबॅसिडर, या गाड्या बहुतेक एसीशिवायच घरी यायच्या. ज्याला हवा तो बाहेरून बसवून घ्यायचा: डॅशबोर्डखाली लटकणारी पेटी, रेडिएटरपुढे कंडेन्सर, आणि यॉर्कचा दोन सिलिंडरचा जड कॉम्प्रेसर किंवा जपानी सँक्योचा पाच सिलिंडरचा. बसवणारे, म्हणजे गॅसवाले, फ्रिजच्या आणि खिडकीच्या एसीच्या धंद्यातून आलेले. नळी वाकवणं, फ्लेअर मारणं, व्हॅक्यूम करणं यात त्यांचा हात बसलेला होता. गाडीची वायर त्यांना परकी. बॅटरीवरून एक वायर सरळ ओढून ते स्विचला द्यायचे आणि पुढे काही झालं तर सांगायचे, "वायरिंगवाल्याकडे न्या."

वायरिंगवाले म्हणजे माझे वस्ताद. ते मूळचे डायनामोचे कारागीर. आर्मेचर भरायचे, कटआउटचे पॉइंट घासून साफ करायचे. एसी म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न गॅसचा नसायचा, डायनामोचा असायचा. अँबॅसिडरवरचा लुकासचा सी-४० डायनामो जोरात फिरला तर बावीस अँपिअर द्यायचा आणि सिग्नलला उभ्या गाडीत जवळजवळ काहीच नाही. एसीचा ब्लोअर फुल केला की तो एकटाच पंधरा अँपिअरपर्यंत जातो, कंडेन्सरचा पंखा आठ-दहा, वर कॉइल. त्यात रात्रीचे हेडलाइट. हिशेब जमतच नाही. बॅटरी उतरते, व्होल्टेज पडतं, कॉइलची ओढ सुटते, आणि गाडीवाला गॅसवाल्याकडे जातो. या दुखण्यावरचा उपाय अमेरिकेत १९६० सालीच क्रायस्लरच्या व्हॅलियंट गाडीवर आला होता: डायनामोऐवजी अल्टरनेटर, जो उभ्या गाडीतही करंट देतो. वस्ताद एसी बसवायला आलेल्या माणसाला आधी अल्टरनेटर घालायला लावायचे. अनेकांना तो खर्च फुकटचा वाटायचा.

पद्मिनीचं इंजिनही लहान होतं, १०८९ सीसी. खोपोली आली की जाणता ड्रायव्हर एसी बंद करायचा, कारण बोरघाटात कॉम्प्रेसरचं ओझं घेऊन पद्मिनी चढली तर रेडिएटर उकळायचा. ही खोपोलीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता एक बिघाड सविस्तर सांगतो, कारण त्याच्याइतकं नुकसान दुसऱ्या कुठल्या बिघाडाने केलेलं मी पाहिलेलं नाही. गाडी सकाळी उत्तम थंड करते. दुपारी तासभर चालली, ट्रॅफिकमध्ये अडकली, की एसी जातो. सावलीत अर्धा तास उभी केली की पुन्हा येतो. गॅसवाला गेज लावतो तेव्हा गाडी थोडी निवलेली असते, सगळं ठीक दिसतं. तरी तो "थोडा गॅस मारून देतो". खरं काय घडत असतं? क्लचची चकती आणि पुली यांच्यात मिलिमीटरच्या तीन ते सहा दशांशांइतकी फट असावी लागते. वर्षानुवर्षं घासून ती वाढते. शिवाय तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो. बॉनेटखाली कॉइल ऐंशी अंशांनी तापली तर जवळजवळ तीस टक्क्यांनी. त्यामुळे करंट घटतो, चुंबक ढिला पडतो आणि वाढलेली फट ओलांडून चकतीला ओढू शकत नाही. कॉइलवर बारा व्होल्ट पोचलेले आहेत आणि चकती मात्र जागची हलत नाही, हे दिसलं की निदान झालं. इंजिन बंद करायचं, फीलर गेजने फट मोजायची, चकतीमागची एक पातळ शिम काढायची. गॅसला हातही लावायचा नाही.

दुसरा जुना अपराध प्रेशर स्विचचा, म्हणजे स्विचचा नव्हे, त्याच्याशी माणसं जे करतात त्याचा. दाब साधारण दोन किलोच्या खाली गेला किंवा बत्तीस किलोच्या वर गेला की हा स्विच करंट तोडतो. खालची मर्यादा फार विचाराने ठेवलेली आहे: कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं, गॅस गळून गेला की तेल परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरून जाम होतो. घाईतला मेकॅनिक स्विचची दोन टोकं तारेने जोडतो. कॉम्प्रेसर टक्‌ करून घेतो, गिऱ्हाईक खूश होतं, तार तशीच आत राहते. पुढच्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसरमधून लोखंडाचा चुरा निघतो. तार तपासणीपुरती क्षणभर लावणं वेगळं. ती आत ठेवून टेप गुंडाळणाऱ्या माणसाला मी कारागीर मानत नाही.

आणि दोष गॅसचा की वायरीचा हे तपासायला गॅस सोडावा लागत नाही. कॉम्प्रेसर बंद असताना दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. आर-१३४ए गॅस असेल आणि हवा पस्तीस अंश असेल तर गेज आठ किलोच्या आसपास दाखवतं. गॅस पुरेपूर आहे की नाही हे त्यावरून कळत नाही, पण स्विच जुळण्याइतका तो नक्की आहे. मग कॉम्प्रेसर घेत नसेल तर दोष वायरीच्या बाजूला शोधायचा.

पूर्वी गॅस न सोडण्याचा विचार कोणी करत नसे, कारण एसीतला तेव्हाचा आर-१२ गॅस हवेत सोडून देण्यात गैर आहे हेच ठाऊक नव्हतं. १९७४ साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हा क्लोरीनवाला गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातो. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियलचा करार झाला, भारत त्यात १९९२ साली आला, आणि २०१० उजाडताना जगभर अशा गॅसचं उत्पादन जवळपास थांबलं. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट ऊब धरतो. एका फ्यूजच्या किंवा गंजलेल्या अर्थच्या बिघाडासाठी बाटल्याच्या बाटल्या आभाळात सोडल्या गेल्या. गॅसवाल्याने वायरवाल्याला विचारलं असतं तर त्यातल्या कितीतरी वाचल्या असत्या.

मुंबईत २००० सालानंतर भारत स्टेज दोनचे नियम लागू झाले, कार्ब्युरेटर गेले, इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि कॉइलचा हुकूम कॉम्प्युटरकडे गेला. डॅशबोर्डवरचं बटण आता फक्त अर्ज करतं. इंजिन तापलंय, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलाय, कंडेन्सरचा दाब चढलाय, असं दिसलं की कॉम्प्युटर नकार देतो. खोपोलीला ड्रायव्हर जे करायचा तेच तो आता स्वतःहून करतो. त्यामुळे कॉइलवर करंट नसणं हा दरवेळी बिघाड नसतो. रेडिएटरचा पंखा बंद पडल्याने गाडी एसी नाकारत असते, आणि अशा वेळी "डायरेक्ट" करून देणारा माणूस तिचं इंजिन धोक्यात घालतो.

हत्यारंही बदलली. वस्ताद वायर बॉडीला घासून ठिणगी बघायचे. कॉम्प्युटरच्या गाडीत तसं केलं तर कॉम्प्युटरच जाईल. मग टेस्ट लॅम्प आला, मग मल्टिमीटर. नवी मुलं मीटर लावून म्हणतात, "बारा व्होल्ट आहेत." पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी जाऊन तांबं हिरवं पडतं, उंदीर वायर कुरतडतो आणि आतली एकच तार धड राहते, मीटर तरीही बारा दाखवतो, कारण त्याला करंट लागतच नाही. तिथे जुना बल्ब लावला की मंद पेटतो आणि वायरीची खरी ताकद कळते. कॉम्प्युटरच्या बारीक वायरीला मात्र बल्ब लावायचा नाही, तिथे मीटरच. मी शिकाऊ पोरांना दोन्ही देतो. अर्थ तपासताना तर कॉम्प्रेसर आणि ब्लोअर चालू ठेवूनच बॉडी आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यातला व्होल्टेजचा फरक बघायचा. बंद गाडीत तो कधीच सापडणार नाही.

२००३ साली टोयोटाच्या प्रियसमध्ये बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर आला. २०२० साली टाटांची नेक्सॉन ईव्ही आल्यावर तशा गाड्या आमच्याही दारात उभ्या राहू लागल्या. पट्टा नाही, पुली नाही, टक्‌ आवाज नाही. नारिंगी वायरीतून तीनशेहून अधिक व्होल्ट सरळ कॉम्प्रेसरच्या आतल्या मोटरला जातात. तिथे हात घालण्याआधी कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने हाय व्होल्टेज तोडायचं, सांगितलेला वेळ थांबायचं, रबरी हातमोजे घालायचे, व्होल्टेज खरंच उतरल्याचं मोजायचं. मोटरची वाइंडिंग गॅसमध्ये आणि तेलात बुडालेली असते, म्हणून तेल वीजरोधकच लागतं. साध्या गाडीचं पीएजी तेल होजमधून थोडंसं जरी आत गेलं तरी इन्सुलेशन उतरतं, आणि गाडी गळती ओळखून हाय व्होल्टेजच बंद करते. म्हणून माझ्याकडे ईव्हीचं गॅस मशीन वेगळं ठेवलंय, आणि त्याला हात लावणाऱ्या मुलाला इन्सुलेशन मोजणारा मेगर चालवता आलाच पाहिजे.