ताजमहालाच्या खोक्यात न मावलेला खानदेश

लेगो कंपनीने 2008 साली ताजमहालाचा संच बाजारात आणला, तेव्हा त्यात 5,922 तुकडे होते. जोडून झाला की तो सुमारे अर्धा मीटर रुंद होतो. मधला घुमट, चार मिनार, कमानी, सगळं जागच्या जागी. मॉडेल म्हटलं की काही ठेवायचं आणि काही गाळायचं, हे आलंच. पण इथे गळलेली एक गोष्ट जळगाव-धुळ्याच्या आपल्यासारख्यांच्या फार जवळची आहे. ज्या मृत्यूमुळे ताज बांधला गेला, तो आग्र्यात झालाच नव्हता. तो खानदेशात झाला.

भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की रावेर मागे पडतं आणि थोड्याच वेळात बुऱ्हाणपूर येतं. आज ते मध्य प्रदेशात आहे. 1631 साली ते मुघलांच्या खानदेश सुभ्याचं मुख्य शहर होतं. दख्खनच्या मोहिमेसाठी शाहजहानचा मुक्काम तिथे होता. त्या जूनमध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल तिथेच वारली आणि तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला पुरलं. सहा महिने ती खानदेशच्या मातीत होती. डिसेंबरमध्ये तिचा मुलगा शाह शुजा पार्थिव घेऊन आग्र्याला निघाला. पुढच्या वर्षी ताजचं काम सुरू झालं.

या जैनाबादचं मूळ शोधायचं तर तापीच्या प्रवाहाबरोबर खाली, धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला यावं लागतं. 1370 साली फिरोजशाह तुघलकाने मलिक राजा नावाच्या सरदाराला थाळनेरचा मुलूख दिला आणि तिथून फारुकी घराण्याची सुरुवात झाली. मलिक राजा 1399 साली वारला. त्याचा मुलगा नासिर खान याने असीरगड घेतला, आणि खुलताबादच्या दोन सूफी संतांच्या नावाने तापीच्या दोन काठांवर दोन वस्त्या उभ्या केल्या. बुऱ्हानुद्दीनांचं बुऱ्हाणपूर आणि जैनुद्दीनांचं जैनाबाद. 1601 साली अकबराने असीरगड जिंकला आणि दोनशे वर्षांचं हे राज्य संपलं. 'खानदेश' या नावाबद्दल मतं अनेक आहेत, पण त्यातलं एक मत ते फारुकींच्या 'खान' या किताबाशीच जोडतं.

शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला फारुकींच्या कबरी अजून आहेत. घुमट असलेल्या दगडी इमारती. बहुतेक चौकोनी, पण एक अष्टकोनी आणि कोरीवकामाने भरलेली. ताजची मुख्य इमारतही मुळात कोपरे छाटलेला चौकोन, म्हणजे एक प्रकारचा अष्टकोनच. मग प्रश्न पडतो, थाळनेरच्या या अष्टकोनाचं खेळण्यातल्या विटांचं मॉडेल करायचं ठरवलं तर?

पहिली अडचण भूमितीची. लेगोच्या विटेवरच्या गोल उंचवट्यांना स्टड म्हणतात. दोन स्टडमधलं अंतर 8 मिलिमीटर, नेहमीच्या विटेची उंची 9.6 मिलिमीटर. सगळं चौकटीच्या कागदासारखं. अष्टकोनाच्या चार भिंती त्या चौकटींवर सरळ बसतात, उरलेल्या चार तिरक्या जातात. तिरक्या भिंतीची लांबी काढताना 2 चं वर्गमूळ येतं, आणि ती संख्या कुठल्याच अपूर्णांकात नेमकी बसत नाही. म्हणून जवळची जोडी शोधायची. कोपरा 5 बाय 5 स्टडचा छाटला तर तिरकी लांबी 7.07 येते. तिथे 7 स्टडची भिंत लावली की अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फट राहते. 12 बाय 12 छाटला तर 16.97 येते. 17 स्टडच्या भिंतीत फरक पाव मिलिमीटरहूनही कमी. बिजागरीच्या तुकड्यांच्या ढिलाईत तो खपून जातो. मग आठही भिंती 17 स्टडच्या, एकूण रुंदी 41 स्टड, म्हणजे साधारण 33 सेंटिमीटर.

12 आणि 17 हाती कसे लागतात? 12 चा वर्ग दुप्पट करा, 288. त्यात 1 मिळवा, 289, म्हणजे 17 चा वर्ग. अशा जोड्या शोधण्याच्या गणिताला आपल्याकडे वर्गप्रकृती म्हणत, आणि भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या बीजगणितात त्याची चक्रवाल पद्धत मांडली. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ काढला. त्याचा शिलालेख सापडला तो जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणला. थाळनेरची कबर प्लॅस्टिकच्या विटांत बसवायला पाटणच्या मठात शिकवलं जाणारं गणित उपयोगी पडतं. शाळेच्या इतिहासात ही दोन गावं वेगवेगळ्या धड्यांत येतात, किंवा येतच नाहीत. मॉडेल करणाऱ्याला मात्र दोन्ही लागतात.

दुसरी अडचण मापांची. घुमट 3.2 मिलिमीटरच्या पातळ प्लेटचे थर देऊन, प्रत्येक थराला वर्तुळ लहान करत बांधता येतो. पण तो किती उंच? खालून काढलेल्या फोटोत घुमटाचा बुंधा भिंतीमागे दडतो आणि उंची फसवी दिसते. ताजचं बरं आहे. एबा कोख यांच्या 2006 च्या पुस्तकात त्या परिसराचे मोजून काढलेले नकाशे आहेत. प्रसिद्ध इमारत म्हणजे जिचं माप कुणीतरी आधीच घेऊन ठेवलंय अशी इमारत. पुढे तिचं पोस्टर होतं, खेळणं होतं, आणि भिंत ढासळली तर ती पुन्हा कशी उभी करायची हेही ठाऊक असतं. गावाबाहेरच्या कबरीचा एक दगड निखळला तर तो कुठे बसत होता हे सांगायला कागद लागतो, आठवण पुरत नाही.

म्हणून हे मॉडेल नुसता छंद नाही. इमारत दगड-दगड मोजायला लावणारं ते एक निमित्त आहे, आणि आपल्या इतिहासातलं कुठलं पान गाळायचं हे दुसऱ्यावर न सोडण्याचंही. सुट्टीत शिरपूरकडे जाणं झालं तर टेप बरोबर ठेवा. एका भिंतीची लांबी, दाराची उंची, दगडाच्या थरांची संख्या, आणि लांब उभं राहून काढलेला एक सरळ फोटो. एवढं मिळालं तरी काम सुरू करता येतं.