दुहेरी फ्लश शौचालय

दुहेरी फ्लश शौचालय म्हणजे दोन वेगवेगळ्या प्रमाणांत पाणी सोडणारी टाकी बसविलेले शौचालय होय. लघवीनंतर थोडे आणि शौचानंतर पूर्ण पाणी सोडण्याची सोय त्यात असते. व्यवहारात त्यास ‘ड्युअल फ्लश’ असेच म्हटले जाते. घरगुती पाणीबचतीच्या प्रमुख साधनांत त्याची गणना होते. मात्र प्रत्यक्षात होणारी बचत वापरणाऱ्याच्या सवयीवर व टाकीच्या देखभालीवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

नळाचे पाणी असलेल्या बहुतेक शहरी घरांत फ्लशसाठी वापरले जाणारे पाणी हे शुद्धीकरण केंद्रातून आलेले, पिण्यायोग्य पाणीच असते. भारतात भूमिगत गटारव्यवस्था असलेल्या शहरांसाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे पाणीपुरवठ्याचे प्रमाण मानले जाते. राष्ट्रीय इमारत संहितेत त्यांपैकी ४५ लिटर, म्हणजे एक तृतीयांश पाणी फ्लशसाठी धरलेले आहे. जुन्या प्रकारच्या टाकीतून एका वेळी १० लिटर वा त्याहून अधिक पाणी जाते आणि लघवीनंतरही तेवढेच खर्च होते. हा अपव्यय टाळणे हा दुहेरी फ्लशचा मूळ हेतू आहे.

इतिहास

दोन बटणांची टाकी १९८० च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियात प्रचारात आली. कॅरोमा या कंपनीतील ब्रूस थॉम्पसन यांना तिच्या रचनेचे श्रेय दिले जाते. आरंभीच्या टाकीत पूर्ण फ्लशसाठी ११ लिटर व अर्ध्या फ्लशसाठी ५.५ लिटर पाणी लागे. शौचभांड्याच्या आकारात सुधारणा होत गेल्यावर हे प्रमाण पुढे ६ व ३ लिटर आणि त्यानंतर ४.५ व ३ लिटर इतके खाली आले. ऑस्ट्रेलियाने २००५ मध्ये कायदा करून अशा साधनांवर पाणीबचतीचे तारांकित लेबल लावण्याची पद्धत सुरू केली. सिंगापूरमध्ये २००९ पासून नवीन इमारतींत, तसेच नूतनीकरण होणाऱ्या जुन्या इमारतींत दुहेरी फ्लशची टाकी बसविणे सक्तीचे आहे.

रचना व कार्य

टाकीच्या मध्यभागी एक उभी निर्गम झडप असते. तिच्या तळाशी असलेली रबरी चकती टाकीचे तोंड बंद ठेवते. बटण दाबताच झडप वर उचलली जाते व पाणी भांड्यात उतरते. मोठे बटण दाबल्यास ठरलेले पूर्ण पाणी वाहून जाईपर्यंत झडप उघडी राहते. लहान बटण दाबल्यास ती लवकर मिटते. अनेक टाक्यांत अर्ध्या फ्लशचे प्रमाण कमी-जास्त करता येते. टाकी पुन्हा भरू लागली की तरंगता गोळा वर चढतो व पाण्याची आवक थांबवितो.

कमी पाण्यात मल वाहून जाण्यासाठी भांड्याची घडणही त्याला अनुरूप असावी लागते. म्हणून जुन्या भांड्यावर केवळ नवी टाकी बसविल्यास भांडे नीट स्वच्छ न होण्याची शक्यता असते. तसे झाल्यास दोनदा फ्लश करावा लागतो आणि बचतीचा हेतू विफल होतो.

बचतीचे गणित

एक व्यक्ती घरी दिवसातून पाच वेळा शौचालय वापरते व त्यांतील एकदाच पूर्ण फ्लशची गरज पडते, असे उदाहरणादाखल धरल्यास हिशेब पुढीलप्रमाणे होतो :

१० लिटरची एकेरी टाकी : ५ × १० = ५० लिटर
६ लिटरची एकेरी टाकी : ५ × ६ = ३० लिटर
६ व ३ लिटरची दुहेरी टाकी : ६ + (४ × ३) = १८ लिटर

म्हणजे १० लिटरच्या टाकीच्या तुलनेत दरडोई ३२ लिटर व चार माणसांच्या कुटुंबात दररोज १२८ लिटर पाणी वाचते. वर्षाकाठी ही बचत सुमारे ४६,७०० लिटर होते. घरात आधीच ६ लिटरची टाकी असेल तर मात्र तेच कुटुंब दररोज ४८ लिटर वाचवू शकते.

गळती व देखभाल

दुहेरी फ्लशचा सर्वांत मोठा दोष म्हणजे लक्षात न येणारी गळती. रबरी चकती झिजली, तिच्यावर क्षार साचले किंवा कचऱ्याचा कण अडकला, की पाणी भांड्याच्या कडेवरून संथपणे झिरपत राहते. दर दहा मिनिटांस केवळ एक लिटर गळले तरी दिवसाला १४४ लिटर वाया जातात. म्हणजे वर दिलेल्या उदाहरणातील कुटुंबाची सर्व बचत संपून वर तोटाच होतो. विंधणविहिरीचे वा टँकरचे जड पाणी वापरणाऱ्या वसाहतींत क्षार लवकर साचतात.

गळती ओळखण्याची रीत सोपी आहे. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकावा व सुमारे अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यातील पाण्याला रंग आला तर झडप गळते आहे असे समजावे. बहुधा चकती स्वच्छ केल्याने वा बदलल्याने दोष दूर होतो. संपूर्ण टाकी बदलावी लागत नाही. टाकीत टाकावयाच्या क्लोरीनयुक्त वड्यांमुळे रबर लवकर खराब होते, म्हणून त्या टाळणे इष्ट.

मर्यादा

कोणते बटण कशासाठी हे पाहुण्यांना वा लहान मुलांना ठाऊक नसल्यास सरसकट मोठेच बटण दाबले जाते. मलवाहिनीला पुरेसा उतार नसेल तर कमी पाण्यामुळे ती तुंबू शकते. सतत अर्धाच फ्लश करून शौचानंतरही पाणी वाचविण्याचा अट्टहास याच कारणाने घातक ठरतो.

ज्या घरांत तीव्र उताराचे भारतीय पद्धतीचे भांडे आहे व पाणी हाताने ओतले जाते, तेथे सुमारे दीड ते दोन लिटर पाणी पुरते. ग्रामीण भागातील दोन खड्ड्यांच्या शौचालयांत हीच पद्धत वापरतात. अशा ठिकाणी दुहेरी फ्लशची टाकी बसविल्यास पाण्याचा वापर कमी होण्याऐवजी वाढतो.

पर्यायी उपाय

जुनी टाकी बदलणे शक्य नसल्यास तिच्यात पाण्याने भरलेली बाटली ठेवून दर वेळी तेवढे पाणी वाचविता येते. वीट ठेवू नये; ती विरघळून तिचे कण झडपेत अडकतात. आंघोळीचे वा कपडे खळबळल्यानंतरचे पाणी बादलीने ओतणे हा टंचाईच्या काळात रूढ असलेला उपाय आहे. नव्या गृहसंकुलांत सांडपाणी शुद्ध करून स्वतंत्र नळाने फ्लशसाठी पुरविण्यात येते. मात्र त्याही पाण्याच्या शुद्धीकरणास व ते वर चढविण्यास वीज लागत असल्याने तेथेही दुहेरी फ्लशची उपयुक्तता कायम राहते.