घनता-उंची (तळटीप)

वायुभार, तापमान व आर्द्रता यांच्या हिशेबाने ठरणारी हवेची विरलता, उंचीच्या फुटांत मांडलेली, ती ‘घनता-उंची’. कोलोराडोतील बँडिमिअर स्पीडवे ही 2023 साली बंद झालेली ड्रॅग-धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 5,800 फुटांवर असली, तरी उन्हाळ्याच्या दुपारी तेथील एंजिनाच्या वाट्यास 8,000 फुटांहून अधिक उंचीची हवा येई, आणि प्राणवायू घटल्याने कार्ब्युरेटरचे जेट लहान करून इंधन बेताचे करावे लागे. दमट हवा जड असते, हा समज निराधार आहे. बाष्प हलके असून प्राणवायूची जागा अडवते. हवा विरळ वा दाट होताच गाडीचा वेगही बदलतो; आणि ड्रॅगच्या ब्रॅकेट शर्यतीत चालकाने स्वतःच्या धावेचा काळ आगाऊ जाहीर करावयाचा असतो, व त्याहून शीघ्र धावणारा सामान्यतः बाद होतो. म्हणून प्रत्येक धावेसोबत तत्कालीन हवामान दप्तरी नोंदविणारा चालकच, सायंकाळी हवा दाट होऊ लागताच, जाहीर काळ शतांश सेकंदांनी घटविण्याची तजवीज विश्वासाने करू शकतो.
—संपादक